कानावर टायमिंग लावू नका

वीस वर्षं मी एक गोष्ट अभिमानाने सांगत आलो. पेट्रोल गाडीचं टायमिंग लावायला मला दिवा लागत नाही, कान पुरतो. ज्या उस्तादांकडून मी हे शिकलो ते जोंग्याच्या बॉनेटजवळ उभे राहून डोळे मिटायचे, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचे आणि "बस" म्हणायचे. आम्ही पोरं पाना घेऊन शेजारी उभी. त्यांचं "बस" म्हणजे हुकूम.

रायपूरच्या पोस्टिंगमध्ये हे मत मला सोडावं लागलं. का, ते आज लिहितो. आपल्या माजी सैनिकांत जुनी ॲम्बेसिडर, जुनी जीप, डिस्पोजलमधली जोंगा बाळगणारे बरेच जण आहेत. त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण विषय नुसता गाडीचा राहिलेला नाही.

रायपूरला बदली झाली तेव्हा गावाकडे सगळ्यांनी तोंड वाकडं केलं होतं. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात मराठी कानावर पडली. नवल नाही. छत्तीसगडवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार बघायचे. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठीच. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. गुढीपाडव्याला मी तिथे गेलो आणि दारात एक पांढरी ॲम्बेसिडर दिसली. मार्क फोर, १९८४ ची, पेट्रोल. क्रोम घासून चकचकीत केलेलं. मी वाकून आत बघतोय तोवर मागून आवाज आला, "कुठली युनिट रे?"

आवाज एवढा मोठा की मी नकळत सावधान झालो.

ते तोफखान्यातून निवृत्त झालेले ऑनररी कॅप्टन साहेब होते. मूळचे सांगली जिल्ह्यातले. मुलगी रायपुरात दिली, म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी इथेच घर केलं. मी ईएमईचा हवालदार आहे, पेट्रोल गाड्यांवर काम केलंय, एवढं कळल्यावर त्यांनी मला जेवणाच्या पंगतीतून उठू दिलं नाही. जिलबी वाढता वाढता गाडीची सगळी कुंडली सांगितली. ॲव्हरेज पडलंय, उन्हात तापते, मोकळ्या रस्त्यावर जरा जड वाटायची, पण आता मी टायमिंग पुढे घेतलंय, आता पळते. "कानानं लावलंय," म्हणाले. "दिवा-बिवा नाही."

मला ते आवडलं. आपल्यातला माणूस वाटला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला गाडीतून तेलीबांध्याहून व्हीआयपी रोडने फिरवून आणलं. सपाटीला गाडी छान चालत होती. उड्डाणपुलाच्या चढावर त्यांनी चौथ्या गिअरमध्येच ॲक्सिलरेटर दाबला आणि मला तो आवाज आला. पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे दाणे हलवावेत तसा, बारीक, कोरडा. चढ संपला, आवाज थांबला. मी साहेबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मी मनाशी म्हटलं, यांनी कानाने लावलंय, यांना माझ्याआधी ऐकू आलं असणार. थोडं सहन करून चालवत असतील. मी हवालदार, ते कॅप्टन, वयाने माझ्या वडिलांएवढे. पहिल्याच फेरीत 'साहेब, तुमचं टायमिंग चुकलंय' कसं म्हणायचं?

मी बोललो नाही. ही माझी चूक, आणि या लेखातली सगळ्यात महाग चूक हीच आहे.

आता जरा इंजिनाकडे वळतो, म्हणजे पुढे काय झालं ते नीट कळेल.

ठिणगी पडली की पेट्रोल आणि हवेचं मिश्रण बॉम्बसारखं फुटत नाही. प्लगपासून ज्योत निघते आणि पसरत जाते. त्याला एक-दोन मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात इंजिन थांबून राहत नाही. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. पिस्टन वर पोचल्यावर ठिणगी दिली तर ज्योत पसरेपर्यंत तो बराच खाली गेलेला असेल. म्हणून ठिणगी आधी द्यायची, की सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरून थोडा खाली निघाल्यावर, साधारण १५ अंशांवर मिळावा. हे मी कॅप्टन साहेबांना नंतर सांगितलं तेव्हा ते पटकन म्हणाले, "म्हणजे लीड. चालत्या टार्गेटच्या पुढे नेम धरायचा." बरोबर तेच.

आता हे लीड किती? ते दोन गोष्टींवर अवलंबून आहे.

पहिली गोष्ट वेग. इंजिन जेवढं जोरात फिरेल तेवढं लीड जास्त हवं. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे सरकते. हा सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्स.

दुसरी गोष्ट लोड. सपाट रस्त्यावर आपण ॲक्सिलरेटर जेमतेम दाबतो. सिलिंडरमध्ये मिश्रण थोडं आणि विरळ जातं, आणि विरळ मिश्रण सावकाश जळतं. तिथे आणखी लीड लागतं. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडर गच्च भरतो, मिश्रण झपाट्याने जळतं, तिथे तेवढं लीड दिलं तर नुकसान. हा फरक वजनांना कळत नाही, कारण त्यांना फक्त वेग कळतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला ती गोल डबी असते. आत पातळ पडदा, आणि कार्ब्युरेटरपासून आलेली बारीक नळी. बटरफ्लाय थोडी उघडी असताना नळीतून ओढ लागते, पडदा खेचला जातो, पॉइंटची प्लेट फिरते, ठिणगी आणखी आधी पडते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ओढ संपते, पडदा परत येतो, जास्तीचं लीड आपोआप निघून जातं. हा व्हॅक्यूम ॲडव्हान्स.

ॲम्बेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनात नळीचं तोंड बटरफ्लायच्या अगदी काठाला असतं. त्यामुळे आयडलला ओढ जवळजवळ नसते, पाय ठेवला की सुरू होते. ही नळी कुणी थेट मॅनिफोल्डला जोडली तर आयडल भडकतं, मग मेकॅनिक ते खाली आणायला डिस्ट्रिब्युटर मागे फिरवतो, आणि सगळं गणित बिघडतं. असंही मी पाहिलंय.

कॅप्टन साहेबांच्या गाडीत काय झालं होतं? दोन वर्षांपूर्वी पडदा फाटला. फाटक्या पडद्यातून हवा आत जायची, पाय ठेवला की गाडी अडखळायची. एका मेकॅनिकने नळी काढली, तोंडात स्क्रू घातला, क्लिप आवळली. अडखळणं थांबलं. त्याला मी दोष देणार नाही. पार्ट मिळत नव्हता आणि गिऱ्हाईक उन्हात उभं होतं. पण तात्पुरती दुरुस्ती कायमची झाली. "साहेब, ती नळी काही कामाची नसते," असं तो जाता जाता म्हणाला, आणि ते वाक्य साहेबांच्या डोक्यात बसलं.

नळी बंद झाल्यावर सपाट रस्त्यावर लीड कमी पडायला लागलं. मिश्रण उशिरा जळायचं. ताकद व्हायची ती उष्णता होऊन एक्झॉस्टमध्ये जायची. ॲव्हरेज पडलं, गाडी तापायला लागली, जड वाटायला लागली. या सगळ्या तक्रारी खऱ्या होत्या. साहेबांनी त्यावर जो इलाज केला तो कुणीही कानाचा मेकॅनिक करील. क्लँप सैल केला, डिस्ट्रिब्युटर पुढे फिरवला, इंजिन जिथे सगळ्यात गोड वाजलं तिथे आवळला. जडपणा गेला. गाडी पळायला लागली.

पण डबी जे लीड फक्त सपाटीला देत होती आणि चढाला काढून घेत होती, ते आता डिस्ट्रिब्युटर फिरवून कायमचं दिलं गेलं. सपाटीला बरं वाटलं. चढाला ते काढून घेणारं कुणी उरलं नाही. एकाने नळी बंद केली, दुसऱ्याने डिस्ट्रिब्युटर फिरवला, आणि दोघांनाही आपलं काम बरोबर वाटलं.

मे महिन्यात साहेबांच्या नात्यात जगदलपूरला लग्न होतं. त्यांनी मलाही आग्रह केला, मी एक दिवसाची सुट्टी काढली. धमतरी, कांकेर करत निघालो. मी पुढे, मागे साहेबांची बायको, मुलगी आणि सातवीतली नात. डिकीत आहेराची भांडी. कांकेर ओलांडलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. रायपूरकडच्या मे महिन्याचं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुढे केशकाल घाट लागतो. बारा वळणं, पुढे लोहखनिजाचे ट्रक, मागे लोहखनिजाचे ट्रक.

दुसऱ्या वळणापासून तो आवाज सुरू झाला. या वेळी दाणे नव्हते, खडे होते. साहेब तिसऱ्या गिअरमध्ये, पाय तळाला. नातीने मागून विचारलं, "आजोबा, इंजिनात कोण खडखडतंय?" साहेब म्हणाले, "भांडी वाजतायत बाळ." ते नातीला समजावत नव्हते. त्यांना खरंच तो आवाज येत नव्हता. आणि ते मला त्या क्षणी कळलं.

मी म्हटलं, "साहेब, दुसरा टाका, पाय सोडा." पहिल्यांदा त्यांनी माझं बोलणंही ऐकलं नाही. दुसऱ्यांदा ओरडून सांगितलं. तोपर्यंत सातवं की आठवं वळण आलं होतं. एक्झॉस्टमधून निळा धूर निघाला, इंजिन तीन सिलिंडरवर आलं. तेलीन मातेच्या देवळाच्या अलीकडे आम्ही गाडी कडेला घेतली. बायकांना एका ओळखीच्या जीपमधून लग्नाला पाठवलं. मी आणि साहेब एका ट्रकच्या सावलीत संध्याकाळपर्यंत बसलो. ते एकच प्रश्न विचारत होते. "आवाज येत होता का?" मी म्हटलं, "हो." "तुला व्हीआयपी रोडला पण आला होता?" मी पुन्हा "हो" म्हटलं. मग ते बराच वेळ गप्प होते.

हेड उतरवल्यावर तीन नंबरच्या पिस्टनची रिंगांमधली भिंत तुटलेली निघाली. दुसऱ्या दोन पिस्टनांच्या माथ्यावर बारीक टवके. अवेळी पेटलेल्या मिश्रणाचं हे काम. ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं, आणि पिस्टनवर हातोडीचे घाव बसतात. तोच तो खडखडाट.

आता मुद्द्यावर येतो. कॅप्टन साहेबांना तो आवाज का आला नाही?

एवढ्या बोअरच्या सिलिंडरमध्ये नॉकिंगची कंपनं सेकंदाला साधारण ७,००० ते ८,००० असतात. हा तीक्ष्ण, वरच्या पट्टीतला आवाज आहे. तोफांच्या धडाक्याने कानाचं जे नुकसान होतं त्याची सुरुवात बहुधा ३,००० ते ६,००० च्या पट्ट्यात होते आणि ते तिथून पसरत जातं. एकदा झालं की ते भरून येत नाही. धडाक्याच्या आवाजाची मर्यादा साधारण १४० डेसिबल मानतात. १५५ मिलिमीटरच्या तोफेशेजारी उभ्या असलेल्या जवानाच्या कानावर १७० च्या पुढचा दाब येतो. साहेब १९९९ साली द्रासला होते, बोफोर्सवर. तिथे तोफा किती बोलल्या ते सगळ्यांना माहीत आहे. कानात प्लग घालायचे की नाही, असं विचारलं तर हसून म्हणाले, "खिशात असायचे. प्लग घालून फायर ऑर्डर कशी ऐकायची?"

म्हणजे ज्या पट्टीत इंजिन 'मला वाचवा' म्हणतं, त्याच पट्टीत आपल्या तोफखान्यातल्या, रणगाड्यांतल्या, इन्फंट्रीतल्या म्हाताऱ्या माणसांचा कान गेलेला असतो. बाकीचं ऐकू येतं. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीतली असते, ती येते. म्हणून इंजिन 'गोड' वाजतंय हे त्यांना कळतं आणि ते मरतंय हे कळत नाही. माणसाला आपला कान गेल्याचं कळतच नाही, कारण न आलेला आवाज नव्हताच असं वाटतं.

यात कानाच्या पद्धतीचीही एक खोट आहे, कान शाबूत असला तरी. आयडलला इंजिनाला थोडं जास्तच लीड आवडतं. तिथे मिश्रण विरळ असतं. त्यामुळे आयडलला सगळ्यात गोड जागा शोधली की ती नेहमी जरुरीपेक्षा पुढे निघते. जुने उस्ताद हे जाणत होते. ते मग गाडी चढाला नेऊन खडखडाट ऐकायचे आणि थोडं मागे घ्यायचे. त्यांच्या कौशल्याचा अर्धा भाग त्या चढावरच्या ऐकण्यात होता. तो अर्धा भाग गेला की उरलेली अर्धी विद्या इंजिन फोडते.

म्हणून माझं मत स्पष्ट लिहितो. टायमिंग आधी आकड्यावर लावा. कान नंतर वापरा, आणि तो कान तरुण माणसाचा असू द्या. व्हॅक्यूमची नळी बंद करून गाडी चालवू नका. बंद करावीच लागली तर चिठ्ठी लिहून बॉनेटच्या आत चिकटवा, की ती तात्पुरती आहे.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्ही मला वर्कशॉपमध्येच ऐकायला मिळालेत.

एक, पुस्तकातला आकडा जुन्या पेट्रोलसाठी होता, आता काय उपयोग? आक्षेप खरा आहे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं, आता त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल खडखडाटाला विरोध करतं, हेही खरं. पण त्याला जळायला हवा कमी लागते, आणि आपला जुना कार्ब्युरेटर साध्या पेट्रोलच्या हिशोबाने मोजून देतो, म्हणून मिश्रण विरळ पडतं. तेव्हा पुस्तकातला आकडा ही सुरुवात धरा आणि तिथून एक-दोन अंश इकडे तिकडे करा. साहेबांच्या गाडीत डिस्ट्रिब्युटर १६ अंशांवर सापडला होता. एवढी चूक कुठलंच पेट्रोल पोटात घालत नाही.

दोन, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका, कटकट मिटेल. मॉड्यूल चांगलं. पॉइंट झिजायची आणि गॅप बदलायची कटकट मिटते. पण ते फक्त ठिणगीचा स्विच बदलतं. किती आधी द्यायची हे अजूनही तीच वजनं, त्याच स्प्रिंगा आणि तोच पडदा ठरवतो. पडदा फाटका असेल तर मॉड्यूल टाकूनही फाटकाच राहतो.

तीन, दिवा लागतो त्याला काम येत नाही. हा आक्षेप मी स्वतः वीस वर्षं घेत होतो. तोफखान्यातला कुठला गनर अंदाजाने एलिव्हेशन लावतो? साइट असते, आकडा असतो, आकडा ओरडून सांगितला जातो आणि दुसरा तपासतो. जिथे चूक महाग पडते तिथे फौजेने कधी नुसत्या अंदाजावर विश्वास ठेवला नाही. मग गाडीत का ठेवायचा?

आम्ही कसं केलं ते सांगतो, कुणाला उपयोगी पडेल. नवे पिस्टन, नव्या रिंगा टाकल्यावर आधी पॉइंटचा गॅप लावला, १५ थाऊ. गॅप आधी, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. नंतर गॅपला हात लावला तर सगळं पुन्हा करावं लागतं. मग पुली. या इंजिनात टायमिंगचे काटे खालच्या बाजूला असतात, आडवं पडून बघावे लागतात. लांब काटा म्हणजे पिस्टन वर, आखूड दोन म्हणजे ५ आणि १० अंश. त्याच्या पुढचं मोजायला खुणा नाहीत, म्हणून पुलीभोवती दोरा गुंडाळला. घेर सुमारे ४५ सेंटीमीटर भरला. त्याचा छत्तिसावा भाग, म्हणजे साडेबारा मिलिमीटर, हे १० अंश. त्या हिशोबाने पांढऱ्या रंगाने २०, ३० आणि ४० च्या खुणा केल्या.

आधी स्थिर टायमिंग. टेस्ट लॅम्पची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या लो टेन्शन टर्मिनलला, दुसरी बॉडीला. इग्निशन ऑन. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर घेऊन हँडलने सावकाश फिरवायचं. दिवा पेटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. ६ अंशांवर ठेवलं. बारीक फरकासाठी डिस्ट्रिब्युटरवर खाचांचा छोटा नट असतो, शेजारी 'ए' आणि 'आर' कोरलेलं असतं. 'ए' कडे पुढे, 'आर' कडे मागे. हा नट आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं, लोक थेट क्लँप सोडतात.

मग इंजिन चालू करून, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद केलं आणि टायमिंग लाइट लावला. वेग वाढवत नेला. ३००० च्या पुढे खूण ३० वर येऊन थांबली. म्हणजे वजनांचे २४ अंश, आणि वजनं मोकळी आहेत. मग डबी. जुन्या डिस्ट्रिब्युटरमधून एक चांगली मिळाली. तपासायची पद्धत सोपी आहे. नळीला तोंड लावून ओढायचं, प्लेट फिरली पाहिजे, आणि जिभेने नळी बंद केली की प्लेट तिथेच राहिली पाहिजे. परत आली तर पडदा फाटका. अशा डब्यांवर तीन आकडे कोरलेले असतात, जसे ५-१३-१०. पाच इंच पाऱ्याच्या ओढीला सुरू, तेराला पूर्ण, आणि दहा अंश. हे डिस्ट्रिब्युटरचे अंश. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून क्रँकवर ते दुप्पट, २० अंश. कुठलीही डबी कुठल्याही गाडीला लावू नका, आधी आकडे वाचा.

हे सगळे आकडे साहेबांनी त्यांच्या जुन्या गन लॉगबुकसारख्या वहीत लिहिले. तारीख, पेट्रोल, गॅप, स्थिर, ३००० ला किती, व्हॅक्यूमने किती.

शेवटचा भाग चढावर. तिथे त्यांनी नातीला पुढे बसवलं. चौथा गिअर, कमी वेग, पाय तळाला. "वाजतंय का?" ती म्हणाली, "थोडंसं." आम्ही नट 'आर' कडे फिरवला. पुन्हा चढ. "आता?" "नाही." वहीत लिहिलं, ५ अंश. गाडी आता सपाटीला तापत नाही, आणि ॲव्हरेज परत आलंय.

त्यानंतर एक गोष्ट मी धीर करून बोललो. कान तपासून घ्या. साहेब आधी चिडले. "मला सगळं ऐकू येतं." मी म्हटलं, "साहेब, तीन नंबरचा पिस्टन माझ्या टेबलावर आहे." आठ दिवसांनी त्यांच्या मुलीने फोन करून सांगितलं, ते ईसीएचएसला जाऊन ऑडिओग्राम काढून आले. आलेख ३,००० पर्यंत बरा आणि पुढे कड्यावरून पडल्यासारखा. घरात कुकरची शिट्टी, फोनची रिंग, नातीचं हळू बोलणं, हे सगळं कित्येक वर्षं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. घरच्यांना वाटायचं, ते दुर्लक्ष करतात. त्यांना वाटायचं, घरचे पुटपुटतात. आता मशीन लावतात. कुरकुर करत लावतात, पण लावतात.

माजी सैनिक मंडळींना माझी विनंती आहे. पेन्शनचे कागद, जीवन प्रमाणपत्र, बीपी, शुगर हे आपण सांभाळतो, तसा एकदा कानाचा आलेख काढा. ज्यांनी तोफा, मोर्टार, एमएमजी चालवल्यात त्यांनी तर नक्की. यात कमीपणा काही नाही. ती नोकरीतच झालेली झीज आहे.

आणि जे अजून नोकरीत आहेत, माझ्यासारखे, त्यांना दुसरी विनंती. वरिष्ठाशेजारी बसलेले असताना तुम्हाला खडखडाट ऐकू आला, तर त्यांनाही आला असेल असं धरून गप्प बसू नका. विचारा. फार तर ओरडा खाल. मी व्हीआयपी रोडला विचारलं असतं तर एक नट फिरवून काम झालं असतं. केशकालच्या घाटात ते इंजिन उघडण्यावर गेलं.

पुढच्या वर्षी माझी बदली होईल. डिस्ट्रिब्युटरच्या आतली जुनी वजनं आणि एक जादा पडदा मी साहेबांच्या डिकीत ठेवलाय. वहीत कसं तपासायचं तेही लिहून दिलंय. नातीला टेस्ट लॅम्प लावता येतो.

जय हिंद.